सरत्याची दोरी

कारंज्याहून निघताना अंजूने दोन पिशव्या घेतल्या. एकीत चिवडा, मायच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली आणि भाचीसाठी एक ड्रेस. दुसरी पिशवी रिकामी होती, घडी घालून काखेत धरलेली. ती मायच्या लुगड्यांसाठी होती.

आदल्या दिवशी फोन आला होता. फोन भावाचा, इंद्रभानचा. पण बोलली त्याची बारा वर्षांची पोरगी रिंकू.

"आत्या, बाबा म्हणते, पेरणी उरकत आली. आता आजीले येऊन घेऊन जाय. कायमची."

अंजूच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "असंच म्हणे का?"

"हो व आत्या, असंच. मले म्हणे, तूच सांग."

दर रविवारी इंद्रभान तिला स्वतः फोन करी. ढवळ्या बैलाच्या खुराला काय झालं इथपासून गावात कोणाचं लग्न जमलं इथपर्यंत सगळं सांगे. तासभर बोले. या एका गोष्टीसाठी त्याने पोरीच्या हातात फोन दिला, यावरून अंजू समजली की गड्याचं ठरलेलं आहे, आणि ते त्याला जडही जात आहे.

अंजूचं वय आता सेहेचाळीस. कारंज्याच्या बाजारात धान्य चाळायला जायची. नवरा होता, दोन पोरं पुण्याकडे कामाला होती. कोणाचं काही वाईट नव्हतं. पण जीव लावायचं माणूस म्हटलं की तिला भाऊच आठवे. आणि त्या भावापासून तिने आठ महिने एक गोष्ट लपवून ठेवली होती. मायला गुपचूप पिशवीसकट उचलून आणलं, तर गोष्ट झाकलेली राहत होती आणि भाऊ आपला राहत होता. गोष्ट सांगितली, तर माय स्वतःच्या घरात राहत होती आणि भाऊ जात होता. मालेगावला बस बदलली, मेडशीला उतरली, तरी तिचं काही ठरलं नव्हतं.

ही गोष्ट काय होती ते सांगायचं, तर अडतीस वर्षं मागं जावं लागतं.

अंजू आठ वर्षांची आणि इंद्रभान पाच वर्षांचा असताना त्यांच्या घरात आणखी एक लेकरू होतं. वर्षाची पोरगी. तिला हगवण लागली. बाप किसन त्याच दिवशी मंगरूळपीरच्या बाजारात बैल पाहायला निघाला होता. माय ललिताबाई म्हणाली, जाऊ नका. तो म्हणाला, दिवस मावळायच्या आत येतो. बाजारात सोबती भेटले, सौदा लांबला, मुक्काम पडला. तो तिसऱ्या दिवशी आला तेव्हा लेकरू मातीआड होऊन एक दिवस झाला होता.

ललिताबाई दारात बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आता कायले आले?"

किसन काही बोलला नाही. नवा बैल खुंट्याला बांधला आणि त्याच्याजवळ उभा राहिला. शरमेने त्याची जीभ उचलली नाही. तो काही बोलेल म्हणून ललिताबाई वाट पाहत राहिली. माफी मागेल, रडेल, निदान शिवी देईल. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस गेला, आठवडा गेला. मग तिनेही तोंड बंद केलं. त्या दिवसापासून नवराबायको एकमेकांशी बोलले नाहीत. एका घरात राहिले, एका चुलीचं खाल्लं, एका वावरात राबले, आणि अडतीस वर्षांत एक शब्द नाही.

आता संसार म्हटला की सांगावं तर लागतंच. ते काम पोरांवर आलं. माय म्हणे, "तुह्या बापाले सांग." बाप म्हणे, "तुह्या मायले सांग." घरातून वावरात आणि वावरातून घरात निरोप घेऊन दोन पोरं पळत. वाटेत बरोबर मध्ये एक हिवराचं झाड होतं. तिथे एके दिवशी पाच वर्षांचा इंद्रभान थांबला.

"बाई," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बाई म्हणे. "बा म्हणे, मायले विचार, हे कालवण होतं का बैलाचं आंबोण. असंच सांगू?"

अंजूने विचार केला. "असंच नको सांगू. सांग, बा म्हणते, उद्या जराक घट्ट कर."

मायने ते ऐकलं, आणि म्हणाली, "सांग त्याले, खाचं असन तं खाय, नाईतर बैल उपाशीच हाय." परत येताना ते हिवराखाली थांबले. बापापर्यंत पोचलं ते असं: "माय म्हणते, आज घाई झाली."

बाप हं म्हणाला. पोरांना वाटलं, आपण जग जिंकलं.

पुढे तो त्यांचा धंदाच झाला. एकजण निरोप आणे, दुसरं विचारे, "असंच म्हणे का?" मग दोघं मिळून त्यातले काटे काढत, थोडा गूळ लावत आणि पोचवत. कधी कधी काहीच आलेलं नसे, तरी स्वतःच्या मनाने बनवत. 'बा म्हणते, ऊन लय हाय, सावलीत बस.' 'माय म्हणते, पायाले काटा लागला तं तेल लाव.' असा एक संसार त्या दोघांनी हिवराखाली बसून चालवला. आईबाप नांदत नव्हते, म्हणून ही दोघं नांदत होती. मारामारी नाही, रुसवा नाही. गावातली बाकीची भावंडं एका बोरासाठी डोकी फोडत. ही दोघं भांडायला घाबरत. भांडली असती तर घर चाललं नसतं.

पेरणीच्या दिवसांत मात्र निरोपाची सोय नव्हती. बाप तिफण हाके. माय मागं सरता धरी. सरता म्हणजे तिफणीच्या मागे दोरीने बांधलेली बांबूची नळी. तिफणीतून सोयाबीन पडे आणि सरत्यातून तुरीची ओळ. धरणारीने नळी सरळ दाबून धरायची आणि ओटीतले दाणे एकसारखे सोडत चालायचं. दाणे संपले की तिफण थांबवायला हवी. हाक मारायची नाही, तर थांबवायची कशी? ललिताबाईने त्यावर तोड काढली. दोरीला एक झटका म्हणजे थांब. दोन झटके म्हणजे चल. झटका तिफणीच्या लाकडातून किसनच्या हाताला समजे. बैल थांबत. तो मागे वळून पाहत नसे. ती ओटी भरे, दोन झटके देई. दिवसभर असं. गावातले म्हणत, किसनच्या वावरातली तुरीची ओळ पाहा, ओळंबा लावल्यासारखी सरळ.

अंजूचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. कन्यादानाला बापाशेजारी मायने बसायला हवं. इंद्रभान तेव्हा सोळा वर्षांचा. त्याने परस्पर मायला जाऊन सांगितलं, "बा म्हणते, आज तरी माह्याजवळ बस." माय अंगणात उभी होती ती उभीच राहिली. मग आत गेली, तिने नवं हिरवं लुगडं नेसलं, कुंकू मोठं लावलं आणि मांडवात येऊन पाटावर बसली. सगळं गाव पाहत होतं.

किसनने बाजूला पाहिलं. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तो उठला आणि मांडवाबाहेर निघून गेला.

कन्यादान काकाकाकूने केलं. ललिताबाई पाटावरून उठली, चुलीपाशी गेली, तेच हिरवं लुगडं नेसून तिने दोनशे माणसांच्या पंगतीची भांडी घासली. निघताना अंजू भावाच्या गळ्यात पडली आणि त्याच्या कानात म्हणाली, "इंदर, पुन्हा असं करू नको." तो रडत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

ते पाटावरचं हिरवं लुगडं अंजू कधी विसरली नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

गेल्या कार्तिकात किसनला अर्धांगाचा झटका आला. इंद्रभानने त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. अंजू मायजवळ राहायला म्हणून माहेरी आली. तिसऱ्या दिवशी दुपारी इंद्रभानचा फोन आला.

"बाई, बा म्हणते, तिले आण. मायले घेऊन ये. आत्ताच्या बसनं निघा."

फोनवर खरखर होती. पाठीमागे माणसांचा गलबला होता. अंजू बरं म्हणाली. फोन बंद झाला.

माय ओसरीवर तूर पाखडत बसली होती. अंजू तिच्याजवळ गेली. 'बाने बोलावलं' एवढे दोनच शब्द होते. ते ओठावर आले आणि तिथेच थांबले. तिला वाटलं, हे इंद्रभानचंच काम आहे. बापाचा शेवट दिसतो म्हणून त्याने पुन्हा गूळ लावला. अडतीस वर्षं जो बोलला नाही, तो आज कसा बोलेल? माय हे गुडघे घेऊन अकोल्याला जाईल, जिने चढेल, आणि तो भिंतीकडे तोंड फिरवेल. सगळ्या लोकांसमोर. पुन्हा एकदा पाटावरून उठवल्यासारखं.

"कोनाचा फोन?" मायने विचारलं.

"इंदरचा. बा बरा हाय म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप गेला. दुपारी मोटारीतून मयत आली. ललिताबाईने हंबरडा फोडला तेव्हा इंद्रभान सगळ्या भाऊबंदांसमोर तिला म्हणाला, "आता कायले रडतं?" त्यानंतर तो मायशी बोलला नाही.

तेराव्याच्या दिवशी तो अंजूला म्हणाला, "तू तं सांगतलंच असशीन, बाई. तीच नसन निंगाली. दगडाची हाय." अंजूला तेव्हा सांगता आलं असतं. भाऊ समोर होता, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. तिने मान हलवली. ती एक मान हलली आणि मायच्या अंगावर ते कायमचं पडलं.

मेडशीहून ऑटोने अंजू गावच्या फाट्यावर उतरली आणि घराकडे न जाता सरळ वावराच्या वाटेला लागली. पाऊस दोन दिवस उघडला होता, जमिनीला वाफसा होता, सगळीकडे पेरणीची घाई. हिवराचं झाड अजून होतं. अर्धं वाळलेलं. त्याच्या पुढे गेलं की वावर दिसे.

तिने पाहिलं आणि तिचे पाय थांबले.

पुढे तिफण होती. तिफणीवर बापासारखाच वाकलेला इंद्रभान. मागे दोरी. दोरीमागे सरता धरलेली माय, सत्तरीला टेकलेली, गुडघे बांधलेली, ओल्या मातीतून एकेक पाऊल उचलत. इंद्रभानची बायको आजारी बापाकडे माहेरी गेली होती, आणि सरता मायइतका सरळ धरणारी दुसरी बाई गावात नव्हती. ज्या बाईला आज-उद्या घराबाहेर काढायचं, तिच्याच हातून तूर पेरून घेणं चाललं होतं. दोरीला झटका बसला. बैल थांबले. इंद्रभान मागे न पाहता उभा राहिला. मायने ओटी भरली. दोन झटके. तिफण चालली.

न्याहारीला औत सुटलं. इंद्रभान बैलांना घेऊन नाल्याकडे गेला. जाताना अंजूला म्हणाला, "आली का बाई? चांगलं केलं," आणि थोडा हसलाही. माय धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन बसली. तिने पाय पसरले.

"पिशवी आनली वाटते," माय म्हणाली. तिची नजर काखेतल्या घडीवर होती.

"माय…"

"लहानच आनली. असू दे, लुगडे तीनच हाय माह्याजवळ. एक फाटकं. ते राहू दे, पायपुसनं होईन इथं."

अंजूने तेलाची बाटली काढली आणि मायच्या गुडघ्याला चोळू लागली. माय वावराकडे पाहत होती.

"तुह्या बापाचं मले मालूम होतं," ती म्हणाली. "काहून बोलत नाई ते मले मालूम होतं, अन् मी काहून बोलत नाई ते त्याले मालूम होतं. ते चालून जाते, बाई. दुखते, पन चालून जाते. याचं मले मालूमच नाई. आठ महिने झाले. भाकर वाढतो, खाते. पानी देतो, पेते. काय केलं म्या, एवढं त्यानं सांगाव. मंग कारंज्याले का, मसनात घेऊन जा."

अंजूचा हात थांबला.

"तुमी दोघं तरी कसे होते," माय पुढे बोलू लागली, आणि तिच्या सुरकुत्यांत बारीकसं हसू आलं. "हिवराखाली बसून पंचाईत कराचे. मले वाटे, एवढाले एवढाले पोट्टे, अन् कसे खोटे बोलते!"

"तुले मालूम होतं?"

"घ्या! तुह्या बापाच्या तोंडात 'जराक' हा शब्दच नोता. 'जराक घट्ट कर' म्हणे!" ती हसली, मग तिला खोकला आला. "मले समजे व. कोनता बोल तुमचा अन् कोनता त्याचा, ते मले ऐकल्याबरोबर समजे. तुमचा गोड राहे, लांब राहे. त्याचा दोन शब्दांचा. आडमुठा. एकदा इंदरनं येऊन सांगतलं, 'बा म्हणते, साप हाय, येऊ नको.' बस. तो त्याचा होता. मी त्या दिवशी वावरात नाई गेली, अन् घरात बसून रडली."

"अन् माह्या लग्नात?"

"ते इंदरचं होतं. तेबी समजलं होतं." तिने गवताची एक काडी उपटली. "समजून बसली मी पाटावर. वाटलं, खोटं का असेना, बसून पाहाव."

'तिले आण.' दोन शब्द. आडमुठे. अंजूने मायला वाचवायचं म्हणून जे अडवलं होतं, ते मायने एका क्षणात ओळखलं असतं. उठली असती, गुडघे धरत बसमध्ये चढली असती. अकोला दीड तासाचा रस्ता.

अंजू उठली. पिशवी तिथेच राहिली.

इंद्रभान बैलांना पाणी पाजून परत येत होता. हिवराजवळ ती त्याला आडवी झाली.

"इंदर, थांब. तुले एक सांगाचं हाय."

"मायचं असन तं नको सांगू. तिले आजच घेऊन जाय. मी काही तिचं वाईट नाई करून राह्यलो. तुह्याजवळ सुखी राहीन. माह्यानं तिचं तोंड पाहनं होत नाई, बाई."

"मी तिले सांगतलंच नोतं."

"काय?"

"तुह्या फोनचं. बा म्हणे, तिले आण. ते म्या तिले सांगतलंच नाई. तिले काहीच मालूम नाई. आजपर्यंत."

बैल पुढे ओढत होते. इंद्रभानने कासरा हाताला गुंडाळला, आणखी गुंडाळला, हात पांढरा पडेपर्यंत.

"मले वाटलं, तू मनानं बनवून सांगून राह्यला," अंजू म्हणाली. "लग्नातल्यासारखं. तिची पुन्हा बेइज्जती होईन म्हणून… मले खरं वाटलंच नाई रे."

तो जमिनीकडे पाहत बोलला.

"त्या दिवशी मी दवाखान्याच्या गेटावर उभा होतो. मेडशीकडून येनाऱ्या पाच बसा पाह्यल्या. एकेक बाई उतरे ते पाहो. वर गेलो का बा विचारे, आली? मी म्हनो, येऊन राह्यली. पुन्हा खाली येवो. दिवस मावळला तसं त्याचं तोंड वाकडं होऊन गेलं, शब्द समजेना, पन तो हेच विचारे. मंग म्या सांगतलं, आली. खाली हाय. दवाखान्यातले लोक वर येऊ देऊन नाई राह्यले. सकाळी येते म्हणे." त्याने नाक पुसलं. "तो खुश झाला. तसाच गेला सकाळी. अन् मी म्हनलं, हे खोटं मले तिच्यापाई बोलाव लागलं. मरत्या बापाशी. तेव्हापासून तिच्याकडं पाहनं होत नाई."

"इंदर…"

"एक गोष्ट तुले विचारता नाई आली?" आता त्याने मान वर केली. "जन्मभर विचारत आली तू. कालवनासाठी विचारलं, पायातल्या काट्यासाठी विचारलं. असंच म्हणे का. चार अक्षरं फोनवर विचारता नाई आली तुले?"

तिने तेच स्वतःला आठ महिने विचारलं होतं.

"तेराव्याले तरी सांगाचं होतं," तो म्हणाला. "मान हालवली तू."

"हो."

"आठ महिने म्या तिले उपाशी मारल्यासारखं मारलं, अन् तू दर रविवारी फोनवर माह्यासंग हासली."

"हो."

त्याने कासरा सोडवला. मनगटावर वळ उठले होते. चालू लागला, चार पावलांवर थांबला, आणि मागे न पाहता म्हणाला, "मायले हे सांगाचं नाई. त्यानं बोलावलं होतं हे तिले समजलं तं ती मरन. हे माह्या अन् तुह्या संग जाईन."

ते त्याचं अंजूशी शेवटचं बोलणं. तेव्हा अंजूला ते शेवटचं वाटलं नव्हतं.

धुऱ्यावर जाऊन इंद्रभान मायच्या समोर उभा राहिला. मायने वर पाहिलं. तो खाली बसला, तिचे मातीने भरलेले पाय त्याने हातात घेतले आणि गवताच्या मुठीने पुसू लागला.

"माय," तो म्हणाला, "तू आता सावलीत बस. सरता नको धरू. अन् कुठी जाचं नाई. हे तुहं घर हाय."

ललिताबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिने हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. लहान पोराचे चाचपावेत तसे ती त्याचे केस चाचपू लागली. "मले भूक लागली रे," एवढंच तिला सुचलं. त्याने फडकं सोडून भाकर काढली, तिच्या हातात दिली, पाण्याची बाटली जवळ ठेवली. अंजू तीन हातांवर उभी होती. तिला कोणी बस म्हणालं नाही.

"काय जादू केली व?" मायने तिला विचारलं, घास तोंडात असताना. "काय सांगतलं त्याले?"

"काही नाई. समजावलं."

मायने तिच्याकडे नीट पाहिलं. कोणता बोल कोणाचा हे ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. पण भुकेच्या आणि सुखाच्या भरात तिने ते तसंच जाऊ दिलं.

वावराचा तिसरा हिस्सा राहिला होता. आभाळ भरून येत होतं. इंद्रभानने बैल जुंपले, तिफणीवरच्या चाड्यात सोयाबीन टाकलं आणि तो उभा राहिला. सरता धरायला कोणी हवं होतं. त्याने कोणाला बोलावलं नाही. अंजूने पदर खोचला, तुरीचे दाणे ओटीत घेतले आणि जाऊन नळी हातात धरली. बांबू मायच्या हाताने गुळगुळीत झालेला होता. त्याने मागे पाहिलं नाही. तिफण चालली.

या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत एक तास गेला, दुसरा गेला. धुऱ्याला वळताना दोघं समोरासमोर येत, आणि तो बैलांच्या शिंगांकडे पाहून वळे. अंजू मनातल्या मनात म्हणत होती, शिवी दे. काहीही म्हण. मायही एकदा दारात बसून असंच म्हणत होती, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिची ओळ थोडी वाकडी झाली. तिने नळी दाबून सरळ केली.

तिसऱ्या तासाला ओटीतले दाणे संपले. 'इंदर, थांब' हे शब्द तिच्या तोंडात आले. सकाळी हिवराखाली हेच शब्द तिने म्हटले होते, आणि तो थांबला होता. आता तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. नळी रिकामी चालली होती. तुरीची ओळ खंडत होती.

तिने दोरीला झटका दिला.

बैल थांबले. तो तसाच पाठमोरा उभा राहिला, बापासारखा, डावा खांदा खाली टाकून. अंजूने कमरेला अडकवलेल्या पिशवीतून दाणे घेतले. हीच ती लुगड्यांसाठी आणलेली पिशवी. बियाणं भरायला तीच हाताशी लागली होती.

धुऱ्यावर ललिताबाईच्या हातातली भाकर खाली आली. ती उठली, गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली आणि तिने पाहिलं. पुढे पाठ, मध्ये दोरी, मागे बाई.

"अवो पोट्टेहो!" ती ओरडली. तिचा आवाज फाटला. "तोंड नाई का तुमाले? तोंडानं सांगा ना व एकमेकाले!"

इंद्रभान हलला नाही. अंजूने ओटी भरली, पदराची गाठ घट्ट केली आणि मायकडे पाहायचं टाळलं.

दोन झटके. तिफण चालू लागली.